काच वेगळी ठेवा

सांगलीच्या गावभागात घाण्याची गल्ली म्हणून एक गल्ली होती. घाणा कधीच बंद पडला होता, सतरा घरं तेवढी उरली होती. त्या सतरा घरांत काय शिजतं, काय फुटतं आणि काय लपवलं जातं, हे कुणाला नेमकं ठाऊक असेल तर ते पालिकेची ढकलगाडी घेऊन येणाऱ्या जाईबाईला. लोक उगाच शेजारणीचं नाव घेतात. शेजारणीला भिंतीपलीकडचं ऐकू येतं, तेवढंच. जाईबाईच्या हातात घराचा कचरा येई, आणि कचऱ्याला खोटं बोलता येत नाही. डॉक्टरांनी विडी सोडायला लावली असं पेन्शनर लालासाहेब गल्लीभर सांगत. त्यांच्या घरच्या राखेत रोज नऊ-दहा थोटकं निघत. मनुबाईच्या दारात पाहुण्यांपुढं मोठा तोरा, पण तिच्या चहाची पूड तीनदा उकळून पांढरी पडलेली असे. जाईबाई हे सगळं बघे आणि गाडीत टाके. एका घराचं दुसऱ्या घरात तिच्या तोंडून कधी गेलं नाही.

तिचं मागणं एवढंच असायचं. गाडी दारात थांबवून ती रोज म्हणायची, "बायांनो, काच येगळी ठिवा गं. पत्रा येगळा ठिवा. राखंत नगा घालू."

त्याला कारण होतं. गल्लीचा कचरा पुढं पालिकेच्या खत डेपोवर जाई. तिथं राख, देठं, शेण कुजवून खत करत, आणि ते खत तासगावकडचे शेतकरी ट्रॉल्या भरून द्राक्षबागेला नेत. त्यात काच गेली की ती कुणाच्या तरी अनवाणी पायात किंवा बैलाच्या खुरात जायची. म्हणून काच असलेली गाडी डेपोवर घेतच नसत. मग जाईबाई गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली गाडी पालथी करी आणि सतरा घरांची घाण स्वतःच्या हातानं निवडत बसे. राख आणि देठं एकीकडं, काच-पत्रा दुसरीकडं, कागद तिसरीकडं. सांगून सांगून तिची जीभ झिजली, पण पालथ्या घड्यावर पाणी. "आमीच निवडायचं तर तुला कशाला ठेवलीया?" असं मनुबाई तोंडावर म्हणायची. विजयमाला तोंडावर म्हणायची नाही, पण तीही सगळं एकाच डब्यात टाकायची. न बोलता केलं म्हणून चूक काही लहान होत नाही.

ही विजयमाला म्हणजे शालूबाईंची सून. माहेर साताऱ्याकडं, कोरेगावच्या बाजूला, पाटलाच्या घरचं. तिच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, आणि नवराही पलटणीतलाच मिळाला. मानसिंग नायक होता, लडाखच्या अंगाला कुठंतरी बर्फात. घरात सासू आणि सून, आणि भिंतीवर मानसिंगचा वर्दीतला फोटो. शालूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी रोज आंघोळ झाली की त्या फोटोखाली पाटावर उभ्या राहून अंदाजानंच खिळ्याला एक फूल अडकवायच्या.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात एका दुपारी विजयमाला तो फोटो पुसायला खाली काढायला गेली आणि तो तिच्या हातून निसटला. फ्रेम वाचली, फोटोला खरचटलंसुद्धा नाही, पण काचेचे पाच तुकडे झाले.

दुसऱ्या कुणाच्या घरी हे झालं असतं तर बाई म्हणाली असती, मेली काच, दोन रुपयांची. पण पलटणीतल्या माणसाच्या फोटोची काच! विजयमालाच्या माहेरी पलीकडच्या आळीत असाच एक फोटो पडला होता आणि चौथ्या दिवशी तार आली होती. ती लहानपणी ऐकलेली रड तिच्या कानांत अजून होती. त्यात मानसिंगचं पत्र येऊन तीन आठवडे झालेले. सासूला हे कळलं तर म्हातारी अन्नपाणी सोडील, या भीतीनं तिनं बिनकाचेचा फोटो होता तसा भिंतीवर लावला. तुकडे मात्र नजरेआड करायचे होते. रस्त्यावर टाकावेत तर कुणीतरी बघणार, घरात ठेवावेत तर सासूच्या हाताला लागणार. शेवटी तिनं ते कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातले, वर चुलीची सगळी राख ओतली आणि राखेवर शेवग्याच्या चोथ्याचा थर दिला. इतकं नीट तिनं लोणचंसुद्धा कधी मुरवलं नव्हतं.

सकाळी जाईबाई आली. विजयमालानं डबा गाडीत उलटा केला आणि मागं न बघता घरात गेली. अर्ध्या तासानं लिंबाखालून ओरडणं ऐकू आलं. एकदाच आलं. ती धावत दारात आली तेव्हा जाईबाई उजवा हात छातीशी धरून उभी होती आणि तिच्या लुगड्याचा अख्खा पदर लाल झाला होता. लालासाहेबांनी सायकलरिक्षा थांबवून तिला दवाखान्यात नेलं. तळहाताला नऊ टाके पडले. अंगठ्याच्या मुळाशी काच खोल गेली होती, महिनाभर तो हात ओला करायचा नाही, त्यानं काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम यल्लाप्पा गल्लीत आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही डोक्यावर साहेब होता. हात बांधलेली जाईबाई त्याच्या शेजारी उभी होती आणि गल्लीतल्या बाया आपापल्या उंबऱ्यात.

"कुनाच्या घरची काच, सांग," यल्लाप्पा म्हणाला. "त्या घराचं नाव साहेबाला देतो."

शालूबाई उंबऱ्यात मिश्री लावत बसल्या होत्या आणि त्यांचे कान तिखट होते. विजयमालाला वाटलं, आता नाव निघणार, मग कसली काच म्हणून विचारणार, आणि सगळं बाहेर पडणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"सतरा घरचं एका गाडीत पडतंया, मुकादम," जाईबाई म्हणाली. "राखंवर काय नाव असतंय व्हय?"

"मग तुझंच नुकसान हाय बग. दोन म्हयन्यांनी तुला कायम करायचं चाललंय. काम बंद ठेवलंस तर दुसरी बाई लावावी लागंल, आन् एकदा दुसरी लागली की तुझं कायम व्हायाचं ऱ्हायलं."

"बंद कोन ठेवतंय? परवापास्नं येती. डावा हात हाय की."

आणि ती खरंच आली. दांडा डाव्या हातात आणि उजव्या कोपराचा जोर लावून गाडी ढकलत आली. ढकलणं कसंतरी जमलं, निवडणं जमेना. दहाच्या आत गाडी डेपोवर पोचायला हवी. अकरा वाजले तरी ती लिंबाखाली एका काडीनं राख उकरत बसलेली असे. दोन दिवस गाडी उशिरा पोचली. तिसऱ्या दिवशी डेपोवरून गाडी परत पाठवली, तिच्यात कुणाच्यातरी कंदिलाची फुटकी काच राहिली होती. यल्लाप्पानं सांगितलं, आणखी एकदा परत आली तर माझा इलाज नाही.

चौथ्या दिवशी विजयमाला पदर खोचून लिंबाखाली गेली आणि जाईबाईच्या समोर मातीत बसली.

"जाईबाई, ती काच माजी हुती."

"ठावं हाय," जाईबाई मान वर न करता म्हणाली.

"ठावं हाय?"

"शेवग्याचा चोथा त्या दिवशी तुमच्याच घरचा हुता. आन् काचंच्या कडंला फोटूवाल्याची खाकी पट्टी चिकटल्याली. गल्लीत फोटूवर एवडी माया तुमच्याच घरात."

"मग मुकादमाला का सांगटलं न्हाई? तुमचं काम जाया लागलंय!"

जाईबाईनं काडी खाली ठेवली. "तुजी सासू उंबऱ्यात बसली हुती न्हवं? मिलट्रीतल्या मानसाच्या आईला असलं काय सांगत न्हाईत, सूनबाई. रातभर जागती ती."

विजयमालाला वाटलं होतं, ही आपल्याला चार शिव्या घालील. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हातावर नऊ टाके घेऊन, तोंडाशी आलेली नोकरी पणाला लावून ही बाई आपल्या सासूच्या झोपेची काळजी करत होती. विजयमाला ढसाढसा रडली. इतके उपकार तिच्यावर सख्ख्या बहिणीनंही केले नव्हते, आणि त्या बाईचं आडनावही तिला ठाऊक नव्हतं.

"रडून गाडी निवडती व्हय?" जाईबाई म्हणाली. "आली हाईस तर हात लाव. न्हाई, तसं मुठीनं न्हवं. बोटानं राख पसरायची, उनाकडं बगायचं, चमाकलं की थांबायचं."

पाटलाची लेक सतरा घरांच्या कचऱ्यात हात घालून बसली. पहिल्यांदा तिला मळमळलं, मग लालासाहेबांची थोटकं बघून हसू आलं, आणि मग वेळ कसा गेला ते कळलं नाही. गाडी वेळेत गेली.

गल्लीनं हे पाहिलं, आणि गल्लीला दहा तोंडं. दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा नळकोंडाळ्यावर घागरींपेक्षा बायांचाच आवाज जास्त. शालूबाई कट्ट्यावर आपली कळशी घेऊन बसल्या होत्या, रात्रीच कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं होतं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला होता.

"काय गं विजयमाला," मनुबाईनं सुरुवात केली, "नवऱ्याचा पगार पुरंना व्हय? कचरा निवडाय लागलीस ती?"

"मी एकटी किती दिस निवडू?" विजयमाला म्हणाली. "परत्येक घरानं आपापलं निवडून ठेवलं तर जाईबाईला हात घालावाच लागायचा न्हाई. राख एका डब्यात, देठं आन् खरकटं दुसऱ्यात. काच-पत्रा येगळा. एवडंच करायचं हाय."

"आली मोठी मिलट्रीवाली कवायत शिकवायला! काच काय आमी टाकली हुती?"

"न्हाई. मी टाकली हुती."

नळाखाली कुणाचीतरी घागर भरून वाहत होती, ती कुणी उचलली नाही. विजयमालानं सासूकडं बघितलं. आता थांबलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही हे तिला कळत होतं.

"आत्याबाई, ह्यांच्या फोटूची काच माज्या हातनं फुटली. तुमाला कळू ने म्हनून मी ती राखंत पुरली. जाईबाईला ठावं हुतं कुनाची ती. त्यांनी मुकादमाला नाव सांगटलं न्हाई, तुमच्या जिवाला घोर लागू ने म्हनून. त्यांचा हात माज्यापायी गेला आन् आता कामबी जातंय."

शालूबाई उठल्या. कळशी तिथंच टाकून, भिंत चाचपत त्या घरी गेल्या. विजयमाला मागोमाग गेली. म्हातारीनं पाट ओढला, त्यावर चढून फोटोवरून बोटं फिरवली. कपाळावरून, टोपीवरून, मिशीवरून. मधे काच नव्हती. सून दाराला धरून उभी, आता छाती पिटतील की बोल लावतील या भीतीनं.

"मेली," शालूबाई म्हणाल्या, "दोन रुपयांच्या काचंपायी त्या बाईचा हात घालवलास." आणि पाटावरून उतरून त्यांनी माळ्याखालचे डालड्याचे रिकामे डबे बाहेर काढायला लावले.

त्या सकाळपासून घाण्याच्या गल्लीचं काही खरं राहिलं नाही. डोळ्यांनी अधू असलेली ही म्हातारी काठी घेऊन दारोदार उभी राहायची आणि डबे वाजवून बघायची. राखेचा आवाज वेगळा, काचेचा वेगळा. "मने, तुज्या राखंत कायतरी खुळखुळतंय. वत बगू." मनुबाईनं चार दिवस तोंड वाकडं केलं, पाचव्या दिवशी तिनं तीन डबे मांडले आणि आपल्या डब्यांना गेरू लावून शेजारणीवर कडी केली. लालासाहेब थोटकं कुठल्या डब्यात टाकायची हे चारचौघांत विचारू शकेनात, म्हणून त्यांनी विडीच सोडली. एका घरानं काच वेगळी ठेवायची म्हणून चांगले पेलेसुद्धा डब्यात घालून दिले. जाईबाईनं ते धुऊन परत आणून दिले आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चुका रोज व्हायच्या, पण विजयमाला सकाळी गाडीबरोबर दारोदार फिरायची, डबे उचलून ओतायची, आणि जाईबाई डाव्या हातानं नुसता दांडा धरायची. नवाच्या ठोक्याला गाडी डेपोवर. यल्लाप्पा एकदा मुद्दाम बघायला आला, त्यानं गाडीतली राख मुठीत घेऊन चाळली आणि मान डोलावून निघून गेला.

मधेच मानसिंगचं पत्र आलं. बर्फानं रस्ता बंद होता, म्हणून टपाल अडकलं होतं. तब्येत ठीक, लोणचं पाठवा. शालूबाईंनी पत्र लालासाहेबांकडून तीनदा वाचून घेतलं.

टाके निघाले. अंगठा पहिल्यासारखा वळेना, पण मूठ मिटायला लागली. आणि आषाढात जाईबाई कायम झाली. तिनं तो कागद कुणाला दाखवला नाही. यल्लाप्पानंच गल्लीत सांगितलं.

"चल," शालूबाई सुनेला म्हणाल्या. "आपुन जाऊन येऊ. आजवर तीच आपल्या दारात आली."

सासूनं खण घेतला, सुनेनं नारळ आणि पेढे घेतले, आणि दोघी रेल्वे फाटकाच्या पलीकडच्या वस्तीत जाईबाईचं घर विचारत गेल्या. नऊ वर्षं ही बाई रोज आपल्या दारात येत होती आणि तिचं घर कुठल्या बाजूला हे दोघींना ठाऊक नव्हतं. तिला गल्लीचं सगळं कळत होतं; गल्लीला तिचं काहीच माहीत नव्हतं. विजयमालाला वाटेवर याची फार लाज वाटली.

खोली एकच, शेणानं सारवलेली, लख्ख. जाईबाई गडबडून उठली, तिनं घोंगडी अंथरली, चहाला पाणी ठेवलं. शालूबाईंनी आधी खण तिच्या हातात दिला आणि मग तो हातच धरून ठेवला. तळव्यावरच्या जाड वणावरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"जाई, तू माज्यापायी हे सोसलंस," त्या म्हणाल्या. "पोराचं पत्र आलं. खुशाल हाय. काच फुटली तरी तुज्या पुन्याईनं काय झालं न्हाई बग."

विजयमालाची नजर जाईबाईच्या मागं भिंतीवर गेली. बुद्धाच्या तसबिरीखाली एक फोटो होता. पलटणीच्या वर्दीतला, विशीतला पोरगा, कोवळी मिशी, कान जाईबाईसारखेच मोठे. फोटोला मोगऱ्याचा ताजा हार होता.

"ह्यो कोन?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला समजलं.

"माजा ल्योक. गुंडा." जाईबाईनं चहाचं भांडं खाली उतरवलं. "एकाहत्तरच्या लढाईत गेला."

शालूबाईंना फोटो दिसत नव्हता. त्यांचा अंगठा वणावर थांबला. "आमाला कवा बोलली न्हाईस गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कुनी इचारलं न्हाई, आक्का." त्यात तक्रार नव्हती. ती उठली, फोटोपाशी गेली आणि पदराच्या टोकानं काच पुसली. "म्हनून तुमाला सांगती, काचंत काय नसतंया. ही बगा. आनली तशीच हाय. एक चरा न्हाई हिला."

मग तिनं तीन पेल्यांत चहा ओतला. शालूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या वस्तीतला चहा घेतला, आणि पेला रिकामा झाल्यावर आणखी मागितला.